पेटी, बुझुकी आणि आकाशवाणी

लघुलहरींवर दूरची केंद्रे शोधण्याचा छंद ज्यांना कधी काळी जडला होता, त्यांना एक अनुभव ठाऊक असेल. काटा एका केंद्रावरून दुसऱ्याकडे सरकत असताना मधल्या खरखरीत जे हाती लागते, ते आपण शोधत असतो त्याहून वेगळेच असते, आणि पुष्कळदा अधिक मोलाचे असते. श्रीरामपूर तालुक्यातल्या आमच्या घरी, उसाला पाणी देण्याची पाळी मध्यरात्रीनंतर येई तेव्हा, जागे राहण्यासाठी आम्ही रेडिओ जवळ घेऊन बसत असू. अशाच एका रात्री ९४२० किलोहर्ट्झच्या आसपास एक अनोळखी केंद्र लागले. तारांचे एक झणझणीत वाद्य वाजत होते. एक पुरुषी, कोरडा, जरासा घोगरा आवाज गात होता. गाणे संपल्यावर निवेदक कोणाशी तरी बोलू लागला आणि त्याच्या बोलण्यात एक ओळखीचा शब्द आला : ‘किरिये’.

आम्ही चमकलो. हा शब्द आम्हांला घरच्या वडीलधाऱ्यांकडून मिळालेला होता. मिस्सा लॅटिनमध्ये होत असे त्या काळात त्या लॅटिनच्या मधोमध ‘किरिये एलेइसोन’ हे शब्द मात्र ग्रीक राहिले होते, आणि आमच्या आजीला त्यांचा व्याकरणदृष्ट्या अर्थ ठाऊक नसला तरी ते म्हणताना तिची मान आपोआप खाली जात असे. आजच्या ग्रीक बोलीत हाच शब्द ‘अहो, साहेब’ अशा साध्या संबोधनासाठी वापरतात, हे आम्हांला पुढे कळले. देवाला हाक मारण्याचा आणि रस्त्यावरच्या माणसाला हाक मारण्याचा शब्द एकच! ते केंद्र ‘व्हॉइस ऑफ ग्रीस’ हे होते. त्या एका शब्दाचे बोट धरून आम्ही ग्रीक लोकप्रिय गाण्याच्या गावी शिरलो आणि तिथून परत आलो ते आपल्याच गाण्याकडे नव्याने पाहत. या लेखात त्या येण्याजाण्याचा हिशेब मांडावयाचा आहे.

प्रश्न असा : रेडिओने मराठी गाण्याला काय दिले आणि त्याच्याकडून काय घेतले? नगर जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या धर्मग्रामांत, जिथे गाणे ही उपासनेची गोष्ट आहे, तिथे या देण्याघेण्याचा परिणाम काय झाला? प्रश्न वाटतो तितका कलाक्षेत्रापुरता नाही. रविवारी मिस्सेला आलेली माणसे गातात की नुसतीच ऐकतात, इथपर्यंत तो येऊन पोचतो.

रेडिओ येण्यापूर्वी या मुलखात गाणारा आणि रचणारा हे दोन वेगळे इसम नव्हते. संगमनेरचे अनंत फंदी (१७४४–१८१९) हे शाहीर. पोवाडा, लावणी, फटका ते स्वतः रचीत आणि डफावर स्वतःच म्हणत. कीर्तनकाराचेही तेच. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणे केल्यानंतर जो ख्रिस्ती समाज इथे उभा राहिला, त्याने पाश्चात्त्य चालींची भाषांतरित गीते काही काळ निमूटपणे गायिली. पण त्याचे मन रमले ते कीर्तनात आणि भजनात. कृष्णराव सांगळे यांनी नगरमध्ये ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा रुजविली. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर आपल्या आयुष्याची महत्त्वाची वर्षे नगरमध्ये काढली. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोचलो ही त्यांची श्रद्धा होती, आणि म्हणून त्यांनी ख्रिस्ती भक्तीला अभंगाचे व भजनाचे रूप दिले. टिळक प्रॉटेस्टंट होते. पण त्यांची काही गीते पंथभेदाच्या भिंती ओलांडून आमच्याही ओठी आली. भिंत आवाजाला अडवू शकत नाही, हे गाण्याच्या बाबतीत अक्षरशः खरे आहे.

कॅथलिकांची वाट थोडी निराळी होती. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापले गेले. ते ओवीबद्ध आहे आणि ते लोकांनी एकत्र बसून म्हणावे यासाठीच रचलेले आहे. नगर जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन येशूसंघीय धर्मगुरू आले तेव्हा उपासना लॅटिनमध्येच होती. पण देवळाबाहेर, मास्तरांच्या अंगणात, नाताळाच्या आणि उपवासकाळाच्या रात्री भजने होत. मास्तर म्हणजे कॅटेकिस्ट. शाळा, धर्मशिक्षण, आजाऱ्याची प्रार्थना आणि गाणे ही चारही कामे त्याच्याकडे असत. त्याच्या घरात एक टाळांची जोडी, एक ढोलकी आणि एक पेटी असे.

या पेटीविषयी थोडे सविस्तर सांगावयास हवे, कारण आमच्या विषयाची किल्ली तिच्यातच आहे. १८४० नंतर पॅरिसमध्ये आलेक्सांद्र दबँ यांनी हे वाद्य सिद्ध केले. मिशनऱ्यांच्या व साहेबांच्या सामानातून ते हिंदुस्थानात आले. इथल्या कारागिरांनी त्याचे पाय काढले, भाता मागे घेतला, आणि खुर्चीवर बसून पायाने वाजवायचे वाद्य मांडी घालून एका हाताने भाता हलवीत वाजविण्याजोगे केले. पाव्हणा घरचा झाला. कीर्तनात, संगीत नाटकात, तमाशाच्या फडात, भजनात, देवळात आणि चर्चमध्ये पेटी सर्वत्र पोचली. गरिबाला परवडणारे, एकट्याने वाजविता येणारे आणि शंभर माणसांच्या आवाजाला धरून ठेवणारे दुसरे वाद्य आमच्याकडे नव्हते.

अशा या पेटीवर ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये बंदी घातली. तिचे सूर ठोकून बसविलेले, त्यांत मींड नाही, श्रुतींचे बारकावे नाहीत, आणि ती परदेशी आहे, असे आक्षेप होते. शास्त्राच्या दृष्टीने त्यांत तथ्य नव्हते असे नाही. पण ही बंदी सुमारे तीन दशके टिकली आणि १९७० नंतर हळूहळू सैल झाली. विचार करा : जे वाद्य आमच्या प्रत्येक वाडीवस्तीवर रविवारी वाजत होते, ते देशाच्या अधिकृत ध्वनीत तीस वर्षे अस्पृश्य होते. रेडिओ ऐकणाऱ्या खेडुताला या बंदीची बातमी कोणी दिली नव्हती. पण रेडिओवरचे गाणे ‘आपल्यासारखे’ लागत नाही, ते अधिक सोज्वळ, अधिक शुद्ध आहे, आणि आपले गाणे त्याच्यापुढे ओबडधोबड आहे, एवढे त्याला आपोआप कळत गेले.

दुसरी बंदी चित्रपटगीतांवरची. डॉ. बा. वि. केसकर १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री होते. त्यांच्या धोरणामुळे १९५२ पासून आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते उठून रेडिओ सिलोनकडे गेले. अमीन सायानी यांचा ‘बिनाका गीतमाला’ हा कार्यक्रम त्याच वर्षी तिथे सुरू झाला आणि घराघरांत शिरला. हे गेलेले श्रोते परत आणण्यासाठी अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली. पण दरम्यान एक चांगली गोष्ट घडली. चित्रपटगीताला पर्याय म्हणून आकाशवाणीने सुगम संगीत जोपासले. कवींना, संगीतकारांना, गायकांना बोलावून नवी गीते तयार करवून घेतली. मराठी भावगीत त्याआधीही होतेच. गजाननराव वाटवे (१९१७–२००९) यांनी कवितेला स्वतः चाल लावून, स्वतः गाऊन ते मैफलीत आणि मेळ्यांत लोकप्रिय केले होते. पण भावगीताला घर मिळाले ते आकाशवाणीत.

या घराचे वैभव नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले आणि अवघ्या दीड वर्षात, १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने ‘गीतरामायण’ तिथून सुरू झाले. ग. दि. माडगूळकर यांनी शब्द लिहावेत, सुधीर फडके यांनी चाल द्यावी, आणि दर आठवड्याला एक नवे गीत महाराष्ट्राने ऐकावे, असा क्रम वर्षभर चालून छप्पन गीते झाली. आमच्या धर्मग्रामातील जुनी माणसे सांगत की, गावात रेडिओ एकच, तो चावडीवर किंवा पाटलाच्या ओसरीवर, आणि त्या वेळी जात आणि धर्म विसरून सगळे समोर बसत. विषय हिंदू धर्मकथेचा. पण पुत्रवियोगाने व्याकूळ झालेल्या पित्याचे गाणे ऐकताना ख्रिस्ती घरातल्या बायकाही डोळ्याला पदर लावीत. चांगल्या गीताचे हे लक्षण आहे.

फडक्यांच्या गाण्यातली स्पष्टता हा या युगाचा मानदंड ठरला. एकही अक्षर गळत नाही, एकही जोडाक्षर चिरडत नाही. पुढे यशवंत देव (१९२६–२०१८) यांनी या दृष्टीला शास्त्राचे रूप दिले. ते स्वतः कवी, संगीतकार आणि शिक्षक होते, आकाशवाणीच्या सेवेत होते, आणि ‘शब्दप्रधान गायकी’ हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, चाल ही कवितेवर घातलेला दागिना नव्हे. कवितेचा अर्थ उलगडून दाखविणे हेच तिचे काम. मुंबई केंद्राच्या ‘भावसरगम’ या कार्यक्रमातून अशी गीते श्रोत्यांपर्यंत जात. मंगेश पाडगावकर यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि अरुण दाते व सुधा मल्होत्रा यांचे आवाज यांतून साकारलेले ‘शुक्रतारा’ हे त्या परंपरेचे सर्वांत परिचित फळ.

हे सारे मान्य करून आता आम्ही आमची शंका मांडतो. या गीतात बोलणारा ‘मी’ एकटा आहे आणि ऐकणाराही एकटा आहे. दिवे मालवलेले, खिडकीशी कोणी बसलेले, आठवण, विरह, चांदणे. मायक्रोफोनमुळे गायकाला कुजबुजता येऊ लागले आणि त्या कुजबुजीसाठीच नवे काव्य लिहिले गेले. ‘गीतरामायणा’तही बहुतेक गीते एकेका पात्राचे मनोगत आहेत, समूहाने गायची मोजकीच. मराठी माणसाच्या अंतःकरणाचा एक नाजूक कप्पा या गाण्याने उघडला, ही त्याची मोठी कामगिरी. पण ते गाणे चारचौघांनी मिळून म्हणता येत नाही. म्हणायला गेले की आपण गात नाही, नक्कल करतो, असे वाटते. कवी एक, संगीतकार दुसरा, गायक तिसरा आणि श्रोता चौथा : शाहिराच्या एका देहात नांदणारी माणसे वेगवेगळी झाली, आणि चौथ्याकडे गप्प बसण्याचे काम आले.

आता त्या रात्रीच्या घोगऱ्या आवाजाकडे वळू. ग्रीक गाण्याची सुरुवातही बंदीनेच होते. १९२२ च्या पराभवानंतर आणि १९२३ च्या लोकसंख्येच्या अदलाबदलीनंतर आशिया मायनरमधून दहा लाखांहून अधिक ग्रीक निर्वासित म्हणून आले. अथेन्सजवळच्या पिरेअस बंदराच्या झोपडवस्तीत त्यांचे आणि इथल्या गोरगरिबांचे मिळून जे गाणे तयार झाले ते ‘रेबेतिको’. त्याचे वाद्य बुझुकी : लांब मानेचे, तारांचे, गुत्त्यात आणि तुरुंगात वाजणारे. प्रतिष्ठितांना त्याची शिसारी होती. १९३६ मध्ये मेटाक्सास यांची हुकूमशाही आली तेव्हा गाण्यांवर सेन्सॉर बसला, पूर्वेकडचे सूर गाळून टाकण्याचा खटाटोप झाला. त्याच राजवटीत, १९३८ मध्ये, अथेन्सचे सरकारी रेडिओ केंद्र सुरू झाले. आमच्या पेटीची आणि त्यांच्या बुझुकीची कुंडली किती जुळते पाहा. एकीवर ती परदेशी म्हणून ठपका, दुसरीवर ती तुर्की वळणाची म्हणून. दोन्ही गरिबांच्या घरच्या.

या रेबेतिकोचा पहिला मोठा गायक-कवी मार्कोस वाम्वाकारिस (१९०५–१९७२). आमच्या वाचकांना त्याच्याविषयी एका खास कारणाने कुतूहल वाटेल. तो सिरोस बेटावरचा कॅथलिक होता. ऑर्थोडॉक्स ग्रीसमध्ये कॅथलिक हा मूठभर समाज. त्यांना ‘फ्रांगोस’ म्हणजे फिरंगी म्हणत. मार्कोसने पिरेअसच्या गोदीत आणि कत्तलखान्यात मजुरी केली, बुझुकी शिकला, शब्द स्वतः लिहिले, चाल स्वतः लावली, आणि खरखरीत गळ्याने स्वतःच गायिला. १९३५ चे त्याचे सर्वांत गाजलेले गाणे आपल्या बेटावरच्या एका कॅथलिक मुलीवर आहे आणि त्याचे नावच ‘फ्रांगोसिरियानी’, म्हणजे सिरोसची फिरंगी मुलगी. ज्या शब्दाने शेजारी हिणवीत, तोच शब्द त्याने गाण्याच्या माथ्यावर ठेवला. आज ते गाणे साऱ्या ग्रीसचे आहे. आपल्या गावात ‘किरिस्ताव’ हा शब्द कधी कोणत्या सुरात ऐकला, हे ज्यांना आठवत असेल त्यांना या धिटाईचे मोल सांगावयास नको.

३१ जानेवारी १९४९ रोजी मानोस हाजिदाकिस (१९२५–१९९४) या तरुण संगीतकाराने अथेन्समध्ये सुशिक्षितांपुढे रेबेतिकोवर व्याख्यान दिले आणि ज्याला तुम्ही गुत्त्यातले गाणे म्हणता त्यातच ग्रीक परंपरेचा झरा वाहतो आहे, असे प्रतिपादन केले. खळबळ उडाली. पण खरा कस लागला तो १९६० मध्ये, आणि समीक्षकाला याहून बोलका प्रसंग सापडणे कठीण आहे. यानिस रित्सोस या कवीने १९३६ साली, थेस्सालोनिकीच्या संपात मारल्या गेलेल्या तरुणाच्या प्रेताशी बसलेल्या आईचे छायाचित्र पाहून ‘एपिताफिओस’ हे काव्य लिहिले. हे नाव ग्रीक चर्चमधल्या उत्तम शुक्रवारच्या विलापाचे. छंद लोकगीताचा, आपल्या ओवीसारखा बायाबापड्यांच्या तोंडी असलेला. मेटाक्सासच्या राजवटीत या पुस्तकाच्या प्रती जाळल्या गेल्या. मिकिस थिओडोराकिस (१९२५–२०२१) यांनी त्या काव्याला चाली दिल्या आणि १९६० मध्ये त्याच चालींच्या दोन ध्वनिमुद्रिका निघाल्या. एक हाजिदाकिस यांच्या वाद्यमेळासह नाना मुस्कुरी या तरुण गायिकेच्या आवाजात : मृदू, संयत, देखणी. दुसरी थिओडोराकिस यांची स्वतःची : बुझुकीसह, ग्रिगोरिस बिथिकोत्सिस या कामगारवस्तीत वाढलेल्या गायकाच्या कोरड्या आवाजात.

दोन्ही आम्ही पुष्कळदा ऐकल्या आहेत. पहिली ऐकताना आपल्या भावगीताची आठवण येते. आईचे दुःख तिथे सुंदर झाले आहे. ते काचेच्या कपाटात ठेवल्यासारखे जपलेले आहे. दुसरी ऐकताना सुरुवातीला कान बिचकतो. आईचा विलाप आणि पुरुषाचा आवाज? स्मशानशांतता आणि बुझुकी? पण दोन गाण्यांनंतर कळते की हा गायक आईची भूमिका वठवीत नाही. तो आईच्या मागे उभा असलेल्या शेजाऱ्यासारखा तिचे शब्द गर्दीपर्यंत पोचवीत आहे, आणि गर्दी ते उचलते आहे. दोन्हीही मुद्रिकांवर ग्रीसमध्ये जाहीर वाद झाले. लोकांनी दुसरी उचलली. पहिली कमअस्सल नव्हे. पण ती ऐकायची आहे, दुसरी गायची. आमच्या मते भावगीत आणि भजन यांतला फरक याहून स्पष्ट करता येणार नाही.

थिओडोराकिस तिथे थांबले नाहीत. ओडिसिअस एलितिस यांच्या ‘आक्सिओन एस्ती’ या काव्याला त्यांनी १९६४ मध्ये संगीत दिले. हे शीर्षक पवित्र मरियेच्या एका प्राचीन स्तोत्रातले आहे. काव्याचे तीन भाग : उत्पत्ती, दुःखसहन आणि गौरव. मांडणी उपासनेसारखी, वाचक आहे, गायकवृंद आहे, आणि त्यांच्या बरोबरीने त्यांनी बिथिकोत्सिस यांना, बुझुकीवाल्यांच्या गायकाला, उभे केले. पुढे १९७९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालेल्या कवीचे दुर्बोध काव्य अशा रीतीने टॅक्सीवाल्यांच्या आणि विटा वाहणाऱ्यांच्या ओठी गेले. १९६७ मध्ये लष्करशाही आली आणि जूनमध्ये थिओडोराकिस यांचे संगीत वाजविण्यावर, इतकेच नव्हे तर ऐकण्यावरही, लष्करी हुकमाने बंदी आली. १९७१ मध्ये कवी सेफेरिस यांच्या अंत्ययात्रेत जमलेल्या लोकांनी त्यांचे बंदी असलेले एक गीत रस्त्यात उघडपणे गायिले. रेडिओवर ते लागत नव्हते. त्याची गरजही नव्हती. लोकांना ते पाठ होते.

एकांगी होऊ नये म्हणून दुसरी बाजूही नोंदवितो. गर्दीचे गाणे घोषणा होण्याचा धोका असतो, आणि थिओडोराकिस यांच्या काही रचना त्या धोक्यातून सुटलेल्या नाहीत. तिथेही दिओनिसिस साव्वोपुलोस यांच्यासारखा गायक-कवी यावा लागला. १९४४ साली थेस्सालोनिकीत जन्मलेल्या या तरुणाने १९६६ मध्ये ‘फोर्तिगो’ म्हणजे मालट्रक या नावाची पहिली तबकडी काढली. शब्द, सूर, आवाज सारे त्याचे स्वतःचे. मोठ्या कवींच्या काव्याचा आधार न घेता रोजच्या बोलीत, थट्टेच्या सुरात बोलणारा एकटा माणूस पुन्हा गाण्यात आला. रेडिओविषयीही तसेच. लष्करशाही गेल्यावर हाजिदाकिस यांनी १९७५ पासून काही वर्षे सरकारी रेडिओच्या ‘तिसऱ्या कार्यक्रमा’ची धुरा वाहिली आणि तोच सरकारी रेडिओ रसिकतेचे विद्यापीठ झाला. यंत्र वाईट नसते. त्याच्यापुढे कोणाला उभे केले जाते आणि कोणाला दारात थांबविले जाते, यावर सारे असते.

मग आमचा गायक-कवी कुठे होता? तो होता, स्टुडिओत शोधल्याने दिसला नाही इतकेच. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांचे गाव आमच्या जिल्ह्याच्या सीमेपासून दूर नाही. त्यांनी गीते स्वतः रचली, स्वतः गायिली, आणि ती गावोगावच्या जलशांतून आणि भीमजयंतीच्या रात्रींतून माणसामाणसाच्या तोंडी पसरली. त्यांच्या मागे पेटी होती, ढोलकी होती आणि झील धरणारी माणसे होती. मार्कोस वाम्वाकारिस पिरेअसमध्ये जे करीत होता त्याचा मराठी अवतार पाहायचा तर तो इथे पाहावा. आमच्या साहित्यविचाराने भावगीतावर पुष्कळ लिहिले. या गाण्यावर मात्र फार उशिरा लिहिले.

आणि आमचा मास्तर? ज्यासाठी हा सारा प्रपंच केला ती गोष्ट आता सांगतो. जिल्ह्यातील एका धर्मग्रामात एक निवृत्त मास्तर होते. त्यांनी आयुष्यात चाळीसेक गीते रचली असतील : नाताळाची, उपवासकाळाची, मतमाउलीची, पेरणीची, एक तर केवळ दुष्काळावरचे. चाली त्यांच्याच, पेटीवर बसविलेल्या. फाटक्या पुठ्ठ्याच्या एका वहीत ती लिहिलेली असत. धर्मग्रामाच्या एका मोठ्या सणाला शहरातून गायकवृंद आला, सोबत कीबोर्ड आणि आधी मुद्रित करून आणलेले संगीत. त्यांनी मास्तरांचे एक गीत गायिले. फार गोड गायिले. छापील पत्रिकेत त्याच्यापुढे ‘पारंपरिक’ असे लिहिले होते. मास्तर तिसऱ्या ओळीत बसले होते. लोकही बसून होते. जे गीत ते वीस वर्षे गात आले होते ते त्यांनी त्या दिवशी ऐकले, आणि कोणीही तोंड उघडले नाही, कारण माइकवरच्या त्या देखण्या आवाजात आपला आवाज मिसळण्याची कोणाची छाती झाली नाही.

आम्ही नंतर मास्तरांपाशी हळहळ व्यक्त केली. ते हसले. “गाणं चाललंय ना बाबा, मग नावाचं काय एवढं?” असे म्हणाले. त्यांच्या नम्रतेला आम्ही वंदन करतो. पण त्यांचे म्हणणे आम्हांला तेव्हा पटले नाही आणि आजही पटत नाही. ते वारल्यावर काही महिन्यांनी आम्ही वही मागावयास गेलो तेव्हा घराची डागडुजी झाली होती आणि जुने कागद रद्दीत गेले होते. चाळिसांपैकी पाच गीतांचे शब्द आज आम्हांला येतात, आणि चाली फक्त तीन. यात आमचाही दोष आहे. ग्रीसचे केंद्र शोधण्यासाठी आम्ही रात्री जागविल्या, आणि चार घरांपलीकडची वही उतरवून घ्यायला आम्हांला वेळ झाला नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यात दोन गोष्टी लागोपाठ सांगितल्या आहेत. लोकांचे धार्मिक गायन कौशल्याने जोपासावे, म्हणजे उपासनेत भाविकांचा आवाज ऐकू येईल. आणि मिशन प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य तो मान व स्थान द्यावे. या आज्ञेने आमच्या पेटीला, ढोलकीला आणि भजनाला देवळाच्या आत आणले. आकाशवाणीने तिला दारात थांबवून ठेवले होते त्याच काळात ख्रिस्तसभेने तिला आत बोलावले, ही अभिमानाने सांगण्याजोगी गोष्ट आहे. आत आलेली पेटी आता कीबोर्डच्या आच्छादनाखाली गुपचूप पडू लागली आहे, ही खेदाने सांगण्याजोगी.

गायकवृंद नको, कीबोर्ड नको, असे आमचे म्हणणे नाही. हाजिदाकिसही हवेत आणि थिओडोराकिसही हवेत. अर्पणाच्या किंवा ध्यानाच्या वेळी एकट्या सुरेल आवाजाने गावे आणि लोकांनी शांतपणे ऐकावे, यातही प्रार्थना आहे. ती भावगीताने शिकविलेली प्रार्थना आहे. पण प्रवेशगीत, दयेची याचना, मतमाउलीचे भजन ही माणसांनी एकत्र गायची आहेत. तिथे गायकाने गर्दीच्या पुढे न जाता तिच्या मागे उभे राहावे. प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या मास्तरांच्या, भजनी मंडळांच्या वह्या गोळा कराव्यात. ‘पारंपरिक’ हा शब्द लिहिण्यापूर्वी गावातल्या तीन म्हाताऱ्यांना विचारावे. ज्या फोनवर आज जगातले कोणतेही केंद्र ऐकू येते, त्याच फोनवर आपल्या आजीचा आवाज साठवून ठेवता येतो. खर्च काहीच नाही. टिळकांनी आरंभलेले आणि त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलेले ‘ख्रिस्तायन’, किंवा स्टीफन्स यांचे दुःखसहनाचे अध्याय, एखाद्या संगीतकाराने हाती घ्यावेत. पण ते रंगमंचासाठी न रचता झील धरणाऱ्या लोकांसाठी रचावेत, अशी आमची इच्छा आहे.

जून २०१३ मध्ये ग्रीक सरकारने काटकसरीच्या नावाखाली आपली सार्वजनिक नभोवाणी एका रात्रीत बंद केली. दोन वर्षांनी, जून २०१५ मध्ये, ती पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात आम्ही सवयीने काटा ९४२० कडे नेत असू. केंद्र गेले होते, पण ती गाणी गेली नव्हती. ती तिथल्या लोकांच्या गळ्यात होती. आमच्या मास्तरांच्या बाबतीत उलटे झाले. गळे शाबूत आहेत, आणि गाणी गेली.

उरलेली तीन आम्ही येत्या उपवासकाळात पेटीवर बसविणार आहोत. पेटीचा भाता एका जागी फाटला आहे आणि मध्यमाचा सूर अडकतो. पण ती घेऊन आम्ही मागच्या बाकावर बसू. ज्यांना चाली आठवत असतील, त्यांनी जवळ येऊन बसावे.